अळंबीने त्वचेचा कर्करोग बरा होतो, हा दावा कसा तपासावा

अळंबीतल्या द्रव्यांमुळे त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, हे विधान खोटे नाही. अडचण एवढीच की ते अर्धे आहे. पेशी कुणाच्या होत्या, त्या कुठे वाढवल्या होत्या, त्यांच्यावर नेमके कोणते द्रव्य टाकले आणि ते किती टाकले, हा उरलेला अर्धा भाग असतो आणि जाहिरातीतून नेमका तोच गळालेला असतो. घरात कुणाला या आजाराचे निदान झाले असेल आणि कुणी आपुलकीने रेशी किंवा कॉर्डिसेप्स या औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या बुरशीची बाटली आणून दिली असेल, तर ती उघडण्यापूर्वी हा गाळलेला भाग शोधून काढावा.

सर्वप्रथम बायोप्सीचा अहवाल हाती घेऊन कर्करोगाचा प्रकार पाहावा, कारण ‘त्वचेचा कर्करोग’ हा एक आजार नाही. बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हे दोन प्रकार वेळेवर ओळखले गेले तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच पूर्ण बरे होतात. तेथे चूर्ण घेत थांबणे म्हणजे हातचा उपाय सोडून देणे होय. मेलॅनोमाचे, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचे, गणित वेगळे आहे. तो त्वचेत किती मिलिमीटर खोल उतरला आहे यावर पुढचे बरेच काही ठरते, त्यामुळे त्यात वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली दिसतो आणि जुनी जखम किंवा मुका मार समजून दुर्लक्षिला जातो. (मुंबईत डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये ‘धोतराचा कर्करोग’ नोंदवला होता; कमरेवर वर्षानुवर्षे घट्ट बसणाऱ्या गाठीखाली होणारा हा आजार पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही आढळला. कमरेवरचा न भरणारा व्रण म्हणूनच दाखवून घ्यावा.)

त्यानंतर, ज्या संशोधनाचा दाखला दिला आहे ते कशावर झाले, हे पाहावे. शोधनिबंधाच्या सारांशात ‘बी१६’ असा उल्लेख असेल, तर त्या उंदराच्या मेलॅनोमाच्या पेशी आहेत. ‘ए३७५’ असेल, तर त्या माणसाच्या, पण प्रयोगशाळेतल्या बशीत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी आहेत. मग मात्रा पाहावी. समजा, दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम अर्क टाकल्यावर निम्म्या पेशी मेल्या. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते, म्हणजे तेवढी तीव्रता केवळ रक्तात आणायची तरी ५०० मिलिग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात असायला हवा, आणि बशीतल्या पेशी जसे दोन-तीन दिवस त्यात बुडालेल्या असतात, तसा तो तितका काळ टिकायलाही हवा. तोंडाने घेतलेल्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमधून हे होत नाही, कारण त्यातले बरेचसे आतड्यातून रक्तात जातच नाही आणि जे जाते त्यातला मोठा वाटा यकृत मोडून टाकते. हा हिशेब कागदावर एकदा मांडून पाहिला की निम्मे दावे तिथेच गळून पडतात.

अळंबीपासून औषध कधी झालेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जपानमध्ये क्रेस्टिन हे द्रव्य १९७७ मध्ये आणि शिताके अळंबीतले लेंटिनन १९८५ मध्ये मंजूर झाले. लेंटिनन जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला शिरेतून दिले जाई. क्रेस्टिन तोंडावाटे दिले जाई, तेही जोड म्हणूनच. दोन्ही शुद्ध केलेली, ठरावीक मात्रेची द्रव्ये होती, आणि दोन्हींपैकी एकही त्वचेच्या कर्करोगासाठी मंजूर झाले नव्हते. दुकानदार जपानचा दाखला देतो, तेव्हा त्याला एवढेच विचारावे की कोणत्या अवयवाचा कर्करोग आणि सुईने की तोंडाने.

त्वचेच्या कर्करोगाशी खरोखर जोडलेले उदाहरण कॉर्डिसेपिनचे आहे आणि माझ्या मते सगळा विषय त्यातच उलगडतो. कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस या बुरशीतून हे द्रव्य १९५० मध्ये वेगळे काढण्यात आले. त्याची रचना आपल्या पेशींतल्या अ‍ॅडिनोसिनसारखीच असते, फक्त एक ऑक्सिजन कमी असतो. त्यामुळे पेशी त्याला आपलेच समजून वापरायला घेते आणि तिचे आरएनए, म्हणजे जनुकांचा संदेश नेणारे रेणू, बनवण्याचे काम अडते. बशीत हे छान जमते. शरीरात मात्र अ‍ॅडिनोसिन डीअ‍ॅमिनेज नावाचे एन्झाइम त्याला काही मिनिटांतच निष्प्रभ करते, आणि जे वाचते त्याला पेशीत शिरण्यासाठी वाहक व शिरल्यावर फॉस्फेट जोडणारे दुसरे एन्झाइम लागते. म्हणून न्यूकाना या औषध कंपनीच्या संशोधकांनी कॉर्डिसेपिनला फॉस्फेट आधीच जोडून, त्यावर संरक्षक आवरण चढवून ‘एनयूसी-७७३८’ हा नवा रेणू तयार केला. प्रयोगशाळेत तो मूळ द्रव्यापेक्षा ४० पटींपर्यंत प्रभावी ठरल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधाच्या) जोडीने मेलॅनोमाच्या रुग्णांवरही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. अर्थात, बुरशीने सुचवलेली कल्पना रुग्णापर्यंत न्यायला रसायनशास्त्रज्ञांना तिचा रेणू बदलावा लागला. बाटलीतल्या चूर्णात तो बदललेला रेणू नसतो. उत्तराखंडातल्या पिथोरागडच्या बाजूची लाखो रुपये किलोची रानटी कीडाजडी, म्हणजे हिमालयात मिळणारी कॉर्डिसेप्सची भाऊबंद बुरशी, घेऊनही उपयोग नाही, कारण तिच्यात कॉर्डिसेपिन मिलिटॅरिसच्या मानाने फारच कमी असते.

हे सारे समजूनही कुणाला बाटली ठेवायचीच असेल, तर निदान लेबल नीट वाचावे. एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असेल तर ते अन्न आहे, औषध नव्हे, आणि कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार निषिद्ध आहे. मग चमचाभर चूर्ण पाण्यात उकळून, गार करून त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. पाणी निळेकाळे झाले तर आत भरपूर पिष्ट आहे, म्हणजे ज्या तांदळावर किंवा ज्वारीवर बुरशी वाढवली तेच धान्य दळून आलेले असण्याचा संभव मोठा. रंग बदलला नाही म्हणून माल अस्सल ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेत विकत घेतलेल्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लेबलाप्रमाणे खरी रेशी फक्त पाचांत निघाली.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही’ हा युक्तिवाद इथे विशेष लंगडा आहे. चागा या बुरशीत ऑक्झॅलेट इतके असते की तिचे चूर्ण महिनोन्‌महिने घेतल्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद आहे. शिताके कच्ची राहिली तर अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे लाल पट्टे येतात. रेशीमुळे रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रेशी टाळावी. डागावर अर्क किंवा मलम चोळणे त्याहून वाईट, कारण वरची त्वचा भरून आली तरी खाली गाठ वाढत राहू शकते. एका रानटी वनस्पतीच्या चिकापासून बनवलेले इन्जेनॉल मेब्युटेट हे जेल तर कर्करोगपूर्व डागांसाठी रीतसर मंजूर झाले होते. ते लावलेल्या जागी त्वचेचा कर्करोग होण्याची शक्यता वाढत असल्याच्या चिंतेमुळे २०२० मध्ये युरोपातून ते मागे घेतले गेले.

मेलॅनोमाच्या रुग्णाला इम्युनोथेरपी चालू असेल, तर प्रतिकारशक्ती चेतवणारे काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. चाचणीत भाग घेण्याची इच्छा असेल, तर सीटीआरआय या भारतीय चाचणी नोंदणीच्या संकेतस्थळावर मेलॅनोमा हा शब्द टाकून शोधावे. खऱ्या चाचणीत नोंदणी क्रमांक आणि लेखी संमतिपत्र असते, आणि प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून मागितले जात नाहीत. ओपीडीला जाताना बाटली पिशवीत टाकावी आणि एका कागदावर बुरशीचे नाव, रोजची मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहून तो केसपेपरला टाचून द्यावा. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवणारे रुग्ण पुष्कळ असतात. पण यकृताच्या तपासणीचे आकडे अचानक चढले, तर डॉक्टरांना सर्वांत आधी हाच कागद लागतो.