अँटिबायोटिकमुक्त कोंबडीपालन: या चुका टाळा

खाद्यातलं अँटिबायोटिक बंद केलं, प्रोबायोटिकची (उपयोगी जंतूंची) पुडी पाण्यात सोडली, की झालं काम. या हिशेबाने टाकलेली बॅच बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अडते: लिटर (पक्ष्यांखालचं अंथरूण) ओलं, विष्ठा पातळ, तिच्यात मक्याचे कण, वजन जागच्या जागी. दोष पुडीचा नसतो. वरच्या आतड्यात जे पचत नाही ते खालच्या जंतूंचं खाद्य होतं. तिथे तंतू पोहोचला तर ब्युटिरेट नावाचं पोषक आम्ल बनवणारे जंतू वाढतात आणि आतड्याचं अस्तर त्यावर पोसतं. प्रथिन पोहोचलं तर क्लॉस्ट्रिडियम या रोगजंतूचं फावतं.

घरचं सोयाबीन कच्चं दळून घालणं

कोल्हापुरात शिरोळ-हातकणंगल्याकडे सोयाबीन घरचं असतं, पेंड विकतची. म्हणून ही काटकसर, आणि तीच सगळ्यात महाग पडते. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन अडवणारा घटक प्रथिन पचू देत नाही. भाजून घालायचं तर नेमकं भाजता यायला हवं. करपलं की लायसिन (प्रथिनातला गरजेचा घटक) जातं. त्यापेक्षा तयार सोया पेंड घ्या. खारी सुकट टाळलेलीच बरी: मिठामुळे पक्षी जास्त पाणी पितात, आणि साठवण वाईट असेल तर साल्मोनेलाही येतो. साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) खाद्यात २ टक्क्यांच्या वर नको. तिच्यातल्या पोटॅशियमने विष्ठा पातळ होते आणि मग आजार शोधत बसावं लागतं.

मका पिठासारखा बारीक दळू नका. भरड कणांनी गिझर्ड (दाणे भरडणारं पोट) कामाला लागतं, पचन सुधारतं. स्टार्टरवरून (पिल्लांच्या खाद्यावरून) फिनिशरवर (विक्रीआधीच्या खाद्यावर) एका दिवसात उडी नको; ३-४ दिवस मिसळून द्या. पावसाळ्यात शेंगपेंडीला कुबट वास आला तर ती फेकाच, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उन्हात वाळवून जात नाही.

स्वस्त मिळतं म्हणून ओलं बगॅस अंथरणं

बगॅस (उसाचं चिपाड) चालतं, पण कडकडीत वाळलेलं आणि बारीक. ओलं असेल तर बुरशी धरतं, लांब धागे असतील तर त्याची पोळी जमते. भाताचं तूस ५ ते ७ सेंटिमीटर थर देऊन टाकलं तर जास्त भरवशाचं. मूठभर लिटर घट्ट दाबा आणि हात उघडा. गोळा होऊन लगेच सुटला तर ओल बरोबर, २० ते २५ टक्क्यांच्या आसपास. गोळा तसाच राहिला तर कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीला रान मोकळं आहे. कॉक्सिडिया अस्तर फोडतो, त्यातून झिरपणाऱ्या प्रथिनावर क्लॉस्ट्रिडियम वाढतो. दोन्ही आजार जोडीने दिसतात ते यामुळे. राधानगरी-गगनबावड्याकडे पावसात पडदे पूर्ण बंद ठेवतात. वरची फट उघडी ठेवा, नाहीतर ओल आणि अमोनिया दोन्ही शेडमध्येच कोंडतात.

ब्लीचिंगच्या पाण्यात प्रोबायोटिक

ब्लीचिंगमधलं क्लोरीन रोगजंतू आणि लॅक्टोबॅसिलस (प्रोबायोटिकमधला उपयोगी जंतू) यांत फरक करत नाही. प्रोबायोटिकच्या दिवशी क्लोरीन बंद ठेवा, आणि आदल्या पाण्यातल्या क्लोरीनचा अंश मारायला दर लिटरला २.५ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर, म्हणजे १०० लिटरला २५० ग्रॅम, आधी मिसळा. आम्ल आणि प्रोबायोटिक एकाच टाकीत नको. प्रोबायोटिक गोळी खाद्यात (पेलेटमध्ये) घालायचं असेल तर बॅसिलसचे बीजाणू असलेलं उत्पादन निवडा. लॅक्टोबॅसिलस वाफेच्या उष्णतेत तगत नाही.

प्रीमिक्सचं लेबल न वाचणं

प्रीमिक्सवर (खाद्यात मिसळायच्या तयार पूरक मिश्रणावर) क्लोरटेट्रासायक्लिन, टायलोसिन, एन्रामायसिन, बॅसिट्रॅसिन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर बॅच अँटिबायोटिकमुक्त नाही. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर खाद्यप्राण्यांसाठी भारतात जुलै २०१९ पासून बंदी आहे. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन या कॉक्सिडियावरच्या औषधांना अमेरिकेत अँटिबायोटिक मानतात, युरोपात कॉक्सिडियाविरोधी खाद्यपूरक. तुमचा खरेदीदार काय मानतो ते पिल्लं टाकण्याआधीच विचारा.

चुकीच्या विष्ठेला घाबरणं

चकचकीत, चिकट, चॉकलेटी विष्ठा सीकममधून (आतड्याच्या बंद पिशवीतून) येते आणि ती निरोगी पक्ष्याचीच. नेहमीच्या पांढऱ्या टोपीच्या विष्ठेमध्ये अधूनमधून ती दिसायलाच हवी. तिला फेस आला, रंग पिवळट झाला, तर मात्र लिटर आणि खाद्य तपासा. रक्त दिसलं तर वाट पाहू नका, पशुवैद्यकाला दाखवा.

मर वाढली तर ताजा मेलेला पक्षी पशुवैद्यकाकडून फाडून घ्या. लहान आतडं फुगलेलं आणि आतून जुन्या टॉवेलसारखं खरखरीत असेल तर नेक्रोटिक एन्टरायटिसचा (क्लॉस्ट्रिडियमने होणाऱ्या आतड्याच्या आजाराचा) संशय घ्या. अशा वेळी हळद-लसूण देत बसू नका. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध पूर्ण मात्रेत द्या, औषध थांबवल्यानंतरचे नेमून दिलेले दिवस पाळा आणि तो माल साध्या कोंबडीच्या भावाने विका.