काळी स्क्रीन गेली, पण नोमोडसेट तसंच राहिलं

नागपुरात नंदनवनमधल्या एका अभ्यासिकेचे दहा जुने पीसी लिनक्सवर आणून द्यायचं काम मी घेतलं, तेव्हा बर्डीवरच्या एका रिपेअरिंगच्या दुकानात मला जेमतेम सहा महिने झाले होते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून अशी कामं वाढली आहेत. इंटेलच्या एच६१ चिपसेटचे बोर्ड, ४ जीबी रॅम, विंडोज ११ घेणार नाहीत असे प्रोसेसर. त्यांच्यावर एमएक्स लिनक्सची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती टाकली की ते पुन्हा कामाला लागतात. तुम्ही या लाइनीत नवे असाल तर इन्स्टॉल करणं तुम्हाला येतच असणार, ते मी सांगत बसत नाही. ज्या एका गोष्टीत मी अकरा दिवस अडकलो, म्हणजे बूटच्या वेळी द्यायचा नोमोडसेट हा शब्द, ती मात्र पूर्ण सांगतो.

पहिल्याच पीसीत एनव्हिडियाचं जीटी २१० कार्ड होतं. पेनड्राइव्हवरून बूट केलं, लोगो आला आणि स्क्रीन काळी. तीनदा केलं, तीनदा काळी. दुकानातल्या सीनियर दादांना फोन लावला. ते म्हणाले, ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधी येणाऱ्या मेनूवर ई दाब, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोध, शेवटी नोमोडसेट लिही आणि एफ१० दाब. केलं, आणि डेस्कटॉप आला. इन्स्टॉल झाल्यावर पुन्हा काळी स्क्रीन, पुन्हा तोच उपाय. मग दादा म्हणाले, "टाकून दे ना बे ग्रबच्या फाइलमध्येच. कोण रोज रोज टाइप करते!" मी ईटीसी फोल्डरमधली ग्रबची सेटिंगची फाइल उघडली, 'क्वाएट स्प्लॅश'च्या बाजूला नोमोडसेट लिहिलं आणि अपडेट-ग्रब चालवलं. हा पीसी व्यवस्थित चालतोय असं वाटलं, म्हणून क्लोनझिलाने, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्याचीच इमेज बाकीच्या पीसींवर ओतली. दुपारी चारपर्यंत नऊ पीसी तयार. अभ्यासिकेच्या काकांनी चहा पाजला. इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने सराव परीक्षा उघडली आणि मला हाक मारली, "दादा, पेपरचं शेवटचं बटनच नाही दिसून राहिलं." मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, आणि स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर ताणलेली. अक्षरं पसरट, पानाची उजवी बाजू गायब. व्हिडिओ लावला तर अडखळत चालायचा, सीपीयू शंभर टक्क्यांवर, आणि कॅबिनेटचा पंखा इतका जोरात की शेजारच्या टेबलावरचे पोट्टे मान वर करून बघायचे.

आता नीट वाचा, कारण सापळा इथेच आहे. नोमोडसेट हे औषध नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर स्वतः स्क्रीनचा ताबा घेतो आणि मॉनिटरला योग्य तो मोड, म्हणजे रिझोल्यूशन, लावतो. नोमोडसेट त्याला सांगतं, हे करू नकोस. मग इंटेलचा आय९१५ असो, एएमडीचा एएमडीजीपीयू असो, नाहीतर एनव्हिडियासाठीचा नूवो, तिघेही बाजूला बसतात. स्क्रीन बायोसने दिलेल्या साध्या मोडवर चालते. चित्र दिसतं, पण सगळं रंगकाम सीपीयू करतो. एखादा ड्रायव्हर कार्डाशी भांडत असेल तर आत शिरून दुरुस्ती करता यावी, एवढ्यासाठीच हा शब्द आहे. पाय मुरगळल्यावर पट्टी बांधतो तसा. मी ती पट्टी नऊ जणांना बांधली, आणि त्यातल्या आठ जणांचे पाय चांगले होते. त्या आठ पीसींत जीटी २१० नव्हतंच. बोर्डावरचं इंटेलचं ग्राफिक्स होतं, जे काहीही न करता चाललं असतं.

हे मला कळलं नाही, कारण मी चुकीची ओळ वाचत होतो. एलएसपीसीआय ही कमांड डॅश के लावून चालवली की ग्राफिक्स कार्डाखाली दोन ओळी यायला हव्यात. एक 'कर्नल ड्रायव्हर इन यूज', दुसरी 'कर्नल मॉड्यूल्स'. माझ्याकडे फक्त दुसरी येत होती आणि तिच्यात आय९१५ दिसत होतं. मी समजलो, ड्रायव्हर चालू आहे. नाही! मॉड्यूल्सच्या ओळीचा अर्थ एवढाच की या कार्डाला हा ड्रायव्हर चालू शकतो. तो खरोखर कामाला लागलाय की नाही, हे पहिली ओळ सांगते. ती ओळच नसेल तर ग्राफिक्स कार्ड मोकळं बसलंय. तुमचा अख्खा दिवस वाचवणारी गोष्ट आहे ही, वहीत लिहून ठेवा.

त्या अकरा दिवसांत मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. एक्सरँडर ही स्क्रीनचे मोड दाखवणारी कमांड चालवली. आउटपुटचं नाव व्हीजीए-१ किंवा एचडीएमआय-१ असं यायला हवं, तिथे 'डिफॉल्ट' आलं. हीच मोठी खूण होती, मी तिच्याकडे पाहिलंच नाही. सीव्हीटी कमांडने नवा मोड बनवायला गेलो. ती १३६६ मागितलं तर १३६८ देते, कारण तिला आठाच्या पटीत रुंदी लागते. त्या दोन पिक्सेलांमागे माझी एक संध्याकाळ गेली. मोड जोडताना 'डिफॉल्टच्या गॅमाचा आकार मिळाला नाही' असा एरर यायचा, तर त्या एररमागे आणखी दोन दिवस. कुणाची तरी एक्सऑर्गची, म्हणजे स्क्रीनवर डेस्कटॉप दाखवणाऱ्या प्रोग्रामची, कॉन्फिग फाइल उतरवून घेतली, त्याने एका पीसीची लॉगिन स्क्रीनही गेली. शेवटी चिडून दोन पीसी पुन्हा फॉरमॅट केले. आणि त्यांच्यावर परत तीच क्लोनची इमेज टाकली.

फॉरमॅट ही दुरुस्ती नाही, हे माझं ठाम मत आहे. दर वेळी दुसरा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, टाकून बघणं हीसुद्धा नाही. चुकून चाललंच, तरी का चाललं ते कळत नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे तुम्ही पुन्हा शून्यावर उभे असता. काकांनी अर्धे पैसे थांबवले होते. त्यांचं बरोबरच होतं. "बाबू, पोरायचे पेपर आहेत, हे काय होऊन राहिलं?" एवढंच ते म्हणाले. त्या रात्री घरी जेवण गेलं नाही.

मार्ग मिळाला तो दहाव्या पीसीमुळे. त्याची हार्ड डिस्क खराब होती म्हणून तो मागे राहिला होता. नवी एसएसडी आली, आणि क्लोनची इमेज त्या दिवशी सोबत नव्हती म्हणून पेनड्राइव्हवरून साधं इन्स्टॉल केलं. रिस्टार्ट झाला आणि समोर १३६६ बाय ७६८, अक्षरं अगदी कोरीव. बोर्ड तोच, मॉनिटर त्याच कंपनीचा. मी खुर्ची ओढून नवव्या आणि दहाव्या पीसीच्या मध्ये बसलो आणि दोन्हींवर एक-एक गोष्ट ताडून बघायला लागलो. प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन नावाची फाइल कॅट करून पाहिली. कर्नलला बूटच्या वेळी कोणते शब्द दिले होते ते तिच्यात असतं. दहाव्यावर 'क्वाएट स्प्लॅश'. नवव्यावर 'क्वाएट स्प्लॅश नोमोडसेट'. तो शब्द मीच लिहिला होता.

फाइलमधून शब्द काढला, अपडेट-ग्रब, रिस्टार्ट. दोन मिनिटांचं काम. जीएलएक्सइन्फो ही ग्राफिक्स कोण काढतंय ते सांगणारी कमांड डॅश कॅपिटल बी लावून पाहिली, तर जिथे 'एलएलव्हीएमपाइप' यायचं तिथे इंटेलचं नाव आलं. एलएलव्हीएमपाइप दिसलं की समजा, ग्राफिक्सचा भार सीपीयू वाहतोय. आठपैकी सात पीसी त्याच संध्याकाळी ठीक झाले, उरलेल्या एकाचं शेवटी सांगतो.

म्हणून नोमोडसेट वापरायला घाबरू नका, मी आजही वापरतो. पण ग्रबच्या मेनूत ई दाबूनच, त्या एका बूटपुरतं. ते रिस्टार्टनंतर आपोआप निघून जातं, आणि तेच चांगलं आहे. फाइलमध्ये लिहावंच लागलं तर कॅबिनेटवर चिकटपट्टी लावून तारीख टाका.

जीटी २१० चं काय केलं? काढून टाकलं. त्या कार्डाला एनव्हिडियाचा ३४० मालिकेचा जुना ड्रायव्हर लागतो, त्याचा सपोर्ट २०१९ च्या शेवटी संपला. नव्या कर्नलवर तो सरळ बसत नाही, आणि त्या पीसीवर नूवो रुसलेला. पण बोर्डावर इंटेल होतंच की! कार्ड काढलं, केबल बोर्डाच्या पोर्टला लावली, नोमोडसेट काढलं, संपलं. अभ्यासिकेत पीडीएफ आणि व्हिडिओ बघायला तेवढं पुरतं. काढायच्या आधी बोर्डाला आणि प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स आहे ना, तेवढं बघा. कार्ड ठेवायचंच असेल तर आधी त्याची पिढी शोधा. जीटी ६१० ला ३९० मालिका लागते, जीटी ७१० ला ४७०. जीटी ७३० एकाच नावाने दोन पिढ्यांच्या चिपवर विकलं गेलंय, तिथे डब्यावरच्या नावावर जाऊ नका, एलएसपीसीआय काय म्हणते ते बघा. आणि एनव्हिडियाच्या साइटवरून रन फाइल उतरवून टाकण्याचा मोह टाळा. कर्नल अपडेट झालं की तो ड्रायव्हर बिघडतो आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो. डिस्ट्रोच्या स्वतःच्या पॅकेजमधूनच ड्रायव्हर टाका.

काळ्या स्क्रीनने धीर सोडू नका. नमलॉक दाबून कीबोर्डचा दिवा पेटतो-विझतो का ते बघा. होत असेल तर बहुतेक वेळा पीसी जिवंत आहे, फक्त चित्र येत नाही. कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबा, अनेकदा लॉगिन मिळतं. तिथून एक्सऑर्गचा लॉग वाचा, कंसात दोनदा ई असलेल्या ओळी आधी. कार्ड लावलेलं असताना मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला खोचलेली असते, हेही पन्नासदा बघितलंय, त्यावर जास्त बोलत नाही.

रेघा, ठिपके किंवा रंगीत चौकोन बायोसच्या स्क्रीनवरही दिसत असतील, तर लिनक्सला हात लावू नका. तिथे अजून लिनक्स सुरूच झालेलं नसतं. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की असे पीसी रांगेने येतात. पंख्यात धूळ, थर्मल पेस्ट सुकलेली, आणि कॅबिनेट कुलरच्या अगदी तोंडाशी ठेवलेलं. कुलरची ओली हवा थेट बोर्डावर जाते, कार्डाच्या कनेक्शनवर गंज चढतो. ब्लोअर मारा, कार्डाची सोनेरी पट्टी खोडरबरने पुसा, कॅबिनेट भिंतीकडे सरकवा. निम्मे तिथेच बरे होतात.

राहिले सीनियर. त्या दादांवर माझा राग नाही, काळ्या स्क्रीनमधून त्यांनीच बाहेर काढलं. पण कमांड सांगणारा आणि कमांड काय करते ते सांगणारा, यात फरक आहे. पहिला अडीअडचणीला ठेवा, शिकायला दुसरा शोधा. तो भेटेपर्यंत एकच सवय लावून घ्या. काहीही बदलण्याआधी एलएसपीसीआय आणि सीएमडीलाइन या दोन्हींचं उत्तर वहीत उतरवा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

नोमोडसेट काढल्यावर सातव्या नंबरचा पीसी मात्र १०२४ वरच राहिला. माझ्या पोटात पुन्हा गोळा आला. पण या वेळी ड्रायव्हर इन यूजची ओळ होती, आउटपुटचं नाव व्हीजीए-१ होतं. म्हणजे पीसीची बाजू ठीक, मॉनिटरचा निरोप पोहोचत नव्हता. व्हीजीए केबल सोडवून टोक उजेडात धरलं. पंधरा पिनांची जागा, त्यात बाराव्या नंबरची पिनच नव्हती. मॉनिटर आपलं रिझोल्यूशन बारा आणि पंधरा या दोन पिनांवरून सांगतो. नऊ नंबरची पिन कित्येक चांगल्या केबलींत नसते, तिची काळजी करू नका. बर्डीवर जाऊन दुसरी केबल आणली, दुकानातच पिना मोजून. लावली आणि १३६६ आलं. काकांनी उरलेले पैसे मोजून हातात दिले आणि म्हणाले, "जाता जाता बाकीच्या नऊ वायरी पण पाहून घे."