गडचिरोलीत रुजू होताय? आधी नद्या पाठ करा

मी सांगलीकडचा. सकाळी निघावं, जिल्ह्याच्या ठिकाणी काम उरकावं, रात्री घरी जेवायला यावं, एवढाच जिल्हा मला ठाऊक. नायब तहसीलदार म्हणून गडचिरोलीत नेमणूक झाली तेव्हा बाराही तालुक्यांची नावं घोकून गेलो होतो. त्यातलं देसाईगंज मी एसटीत विचारलं, तर बाजूची बाई म्हणाली, "वडसा म्हणा ना!" कागदावर देसाईगंज, रेल्वे स्टेशनवर आणि लोकांच्या तोंडी वडसा. अभ्यासाची सुरुवात तिथूनच झाली.

हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. दोन्हींच्या मधून वैनगंगा वाहते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि पुढे नाव होतं प्राणहिता. ती सिरोंचाजवळ गोदावरीला जाऊन मिळते. पलीकडे तेलंगण. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. नकाशात तो फार देखणा दिसतो, पण पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहायला लागली की तालुक्याचं गावच तुटतं. म्हणून कुठल्याही गावाचं अंतर विचारताना किलोमीटर विचारू नका. मध्ये किती नाले आहेत ते विचारा.

भाषाही नदीसारखीच बदलत जाते. कोरचीत छत्तीसगढी, सिरोंचात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, एटापल्ली-भामरागडात माडिया. कोतवाल, म्हणजे महसूल खात्याचा गावातला मदतनीस, सोबत असला तर निभावतं.

आता कारभाराची उतरंड. काही गावांचा मिळून तलाठ्याचा साझा, साझ्यांचं महसूल मंडळ, मंडळांचा तालुका, त्यावर उपविभाग. (तलाठ्याला इकडे पटवारी म्हणतात.) यातलं मंडळ नवीन माणूस हमखास दुर्लक्षितो. पर्जन्यमापक मंडळाचा असतो, आणि 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला तर त्या मंडळात भरपाईसाठी अतिवृष्टी धरतात. आमच्या एका गावात बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) वाहून गेल्या होत्या, पण मापक होता मंडळाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे नुसती भुरभुर. त्या गावकऱ्यांना "आकडा बसत नाही" हे सांगायला मीच गेलो होतो. तेव्हापासून मंडळाची हद्द मी डोळे मिटून काढू शकतो.

शिवाय प्रत्येक खात्याच्या रेषा निराळ्या. साझा आणि ग्रामपंचायत जुळतीलच असं नाही. वनखात्याचे विभाग पाच: वडसा, गडचिरोली, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा. यातलं आलापल्ली तालुक्यांच्या यादीत शोधलंत तर सापडणार नाही, ते अहेरी तालुक्यात येतं. एखादा वनहक्काचा दावा तपासायचा तर हे सगळे नकाशे एकावर एक ठेवावे लागतात.

आणि रिठ. दाखल्यांच्या शिबिरासाठी मी यादीतून गावं निवडली, गाडी भरून कर्मचारी घेतले आणि एका गावी पोचलो तर तिथे नुसतं जंगल. रिठ म्हणजे उजाड गाव: महसुली नोंद आहे, शेतजमीन आहे, राहतं कुणी नाही. तिथून दोन किलोमीटरवर टोला, म्हणजे वाडी होती, तिथे माणसं भरपूर, पण महसुली यादीत त्याचं वेगळं नावच नाही. कोतवाल गाडीतून उतरला, हसला आणि म्हणाला, "साहेब, मले काल विचारलं असतं तं."