बाळाला अंगावर पाजत परदेशी जाताना

तिकिटं निघाली की तयारी आरशापासून सुरू करा. प्रवासात घालायचे तेच कपडे घालून आरशासमोर खुर्चीत बसा आणि बाळाला पाजा. आपल्याला वरून बघताना सगळं उघडं पडल्यासारखं वाटतं. समोरच्याला मात्र जवळजवळ फक्त बाळाचं डोकं दिसतं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की निम्मं दडपण तिथेच उतरतं. आत खाली ओढता येईल अशी स्लिप आणि वर सैल टॉप असला की पोट-पाठ झाकलेली राहते. बटणं एका हाताने उघडतात ना, तेही बघून ठेवा, कारण दुसऱ्या हातात रडणारं बाळ असणार.

अंगावर घ्यायचं कापड पातळ, सुती घ्या आणि आठ-दहा दिवस आधीपासून घरात वापरा. माझी लेक तेव्हा सात महिन्यांची होती. विमानतळावर ती ते कापड मुठीत धरून ओढायची, मी परत घालायची, ती पुन्हा ओढायची. दोघी घामाघूम झालो. शेवटी कापड पिशवीत टाकलं, भिंतीकडे जरा वळून बसले आणि ती लगेच प्यायला लागली. आपल्याला मोकळं वाटत असेल तरच कापड घ्यावं, बाळाला कोंडून नाही.

जिथे जाणार तिथला कायदा निघण्याआधी वाचा. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यामुळे कॅफेवाला पाजणाऱ्या आईला उठवू शकत नाही. स्कॉटलंडमध्ये तर २००५ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक जागी दूध पाजण्यापासून अडवणं हा गुन्हाच आहे. अमेरिकेत आता पन्नासही राज्यांत मुभा आहे. आयडाहो आणि युटा शेवटी, २०१८ मध्ये आली. तैवानमध्येही २०१० पासून असा कायदा आहे. जपानमध्ये मोठ्या दुकानांत पाजण्याच्या खोल्या असतात. ‘जुन्यूशित्सु’ हा शब्द फोनमध्ये लिहून ठेवा. बाकी ठिकाणी तिथल्या आया काय करतात ते बघा आणि ‘बाळाला पाजायला जागा कुठे आहे?’ एवढं वाक्य तिथल्या भाषेत पाठ करा. कुणी संडासाकडे बोट दाखवलं तर जाऊ नका. आपण तिथे बसून जेवत नाही, बाळानेही का जेवावं? सोबत नवरा किंवा आई असेल तर त्यांना आधीच सांगा की कुणी काही बोललं तर उत्तर त्यांनी द्यायचं. पाजताना वाद घालावा लागला की पान्हा अडतो.

विमानात खिडकीची जागा मागा. चढताना आणि उतरताना बाळ घोट घेत राहिलं की कानातला दाब मोकळा होतो. विमान धावपट्टीवर वेग घेईपर्यंत थांबा, नाहीतर रांगेतच बाळाचं पोट भरतं. उतरायला साधारण अर्धा तास आधीच सुरुवात होते, त्या वेळेसाठी भूक राखून ठेवा.

काढलेलं दूध नेणार असाल तर ते पिशवीत वर ठेवा आणि तपासणीत आपणहून दाखवा. अमेरिकेत हातातल्या सामानातल्या द्रवांवरची १०० मिलीची मर्यादा त्याला लागू नाही, बाळ सोबत नसलं तरी. ब्रिटनमधून निघताना मात्र गोठवलेलं दूध हातातल्या सामानात नेता येत नाही. ताजं काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास, बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत २४ तास टिकतं. पंपाचा चार्जर तिथल्या व्होल्टेजला चालतो का ते बघा, सुटी बॅटरी केबिनमध्येच न्या.

लसी लागणार असतील तर डॉक्टरांना काही आठवडे आधी गाठा आणि अंगावर पाजत असल्याचं सांगा, विशेषतः पीतज्वराची लस असेल तर. सहा महिन्यांखालच्या बाळाला उकाड्यातही वरचं पाणी लागत नाही. ते जास्त वेळा पिईल. पाणी तुम्ही प्या. वेळा बदलतात तेव्हा घड्याळाकडे न बघता बाळ मागेल तसं पाजा, नाहीतर छाती दाटून गाठी होतात. आणि बाळाचे जादा कपडे सगळेच घेतात. स्वतःचा एक कोरडा टॉप आणि ब्रेस्ट पॅड हाताशी ठेवा, पान्हा कुठेही फुटतो.