शॉर्टकटने अक्षरं रंगवताय? या चुका टाळा

‘वर्डमध्ये अक्षर लाल करायचं बटण कोणतं?’ या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन मी कंटाळलो आहे. तसं बटण नाही. ठळक करायला कंट्रोल-बी, तिरपं करायला कंट्रोल-आय, अधोरेखित करायला कंट्रोल-यू हे तिन्ही जवळपास सगळीकडे चालतात, त्यामुळे लोकांना वाटतं की रंगाचंही असंच काहीतरी असणार, फक्त आपल्याला कुणी सांगत नाही. विंडोजवरच्या वर्डमध्ये रंगापर्यंत पोचायचा तयार मार्ग ऑल्ट, एच, एफ, सी असा आहे. मग बाणांच्या बटणांनी हवा तो रंग गाठायचा आणि एंटर.

हे सांगितलं की माणूस चारही बटणं एकदम दाबतो, काही होत नाही, आणि ‘तुमचा शॉर्टकट चालत नाही’ म्हणून परत येतो. ऑल्ट दाबून सोडायचं. वरच्या रिबनवर छोटी छोटी अक्षरं उमटतात, ती बघायची, आणि मग एकेक बटण दाबायचं. कंट्रोल धरून ठेवायचा असतो, ऑल्टची ही मालिका एकामागून एक दाबायची असते. एवढं कळलं की एक्सेलमध्येही हीच चार बटणं उपयोगी पडतात.

दिवसातून दहा वेळा लाल लागत असेल तर ही मालिका पाठ करण्यात वेळ घालवू नका. मी वर्डमध्ये एक कॅरेक्टर स्टाइल (अक्षरांच्या रूपाचा नाव दिलेला साचा) बनवतो, तिला लाल रंग देतो आणि त्याच चौकटीत खालच्या ‘फॉरमॅट’ बटणामागे असलेल्या ‘शॉर्टकट की’मधून तिला बटणं नेमून देतो. उद्या कुणाला लालऐवजी निळा हवासा वाटला तर स्टाइलमध्ये एकदा रंग बदलला की अख्ख्या फाइलमध्ये बदलतो. ज्यांनी दोनशे ठिकाणी हाताने लाल केलंय त्यांनी मात्र दोनशे ठिकाणी निळं करत बसावं. बटणं नेमताना ती आधी कुठल्या कामाला दिलेली आहेत हे तिथेच लिहून येतं, ते वाचा. कंट्रोल-ऑल्ट-आर मोकळं दिसतं, पण वर्डमध्ये त्यावर नोंदणीकृत चिन्ह उमटतं.

एकच बटण, तीन ठिकाणी तीन कामं

वर्डमध्ये कंट्रोल-डी दाबलं की फॉन्टची चौकट उघडते. रंग, आकार, अधोरेखनाचे प्रकार सगळं एका जागी, म्हणून हे बटण मला आवडतं. पण हाताला त्याची सवय लागलेला माणूस एक्सेलमध्ये शिरला की मला धडकी भरते. तिथे कंट्रोल-डी म्हणजे वरच्या चौकोनातला मजकूर खाली भरणं. खालचा आकडा गेला, त्याच्या जागी वरचा आला, आणि संगणकाने हूं की चूं केलं नाही. कंट्रोल-आरचंही तेच: वर्डमध्ये परिच्छेद उजवीकडे सरकतो, एक्सेलमध्ये डावीकडचा आकडा उजवीकडच्या चौकोनावर चढतो, आणि ब्राउझरमध्ये पान नव्याने लोड होऊन अर्धवट भरलेला फॉर्म कोरा होऊ शकतो.

एक्सेलमध्ये रंगरूपाची चौकट कंट्रोल-१ ने उघडते. तेवढं एक लक्षात ठेवा आणि कंट्रोल-डीपासून बोट लांब ठेवा.

शिफ्ट-एफ३ आणि एक अहवाल

आता माझा सगळ्यात आवडता, म्हणजे सगळ्यात नावडता, घोळ. शिफ्ट-एफ३ हे बटण इंग्रजी अक्षरं लहान, मोठी किंवा फक्त पहिलं मोठं अशी आळीपाळीने बदलतं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं, त्यामुळे युनिकोडमधल्या, म्हणजे हल्लीच्या सर्वसाधारण पद्धतीने टाइप केलेल्या, मराठी मजकुरावर त्याचा काही परिणाम होत नाही. म्हणूनच लोक ते बिनधास्त दाबतात.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे एक लांबलचक जुना अहवाल होता. मराठी मजकूर, मधूनमधून इंग्रजी नावं. ही नावं सगळी मोठ्या अक्षरांत करावीत असं त्यांच्या मनात आलं. एकेक नाव निवडायचा कंटाळा, म्हणून सगळं निवडणारं कंट्रोल-ए, मग शिफ्ट-एफ३, आणि हवं ते दिसेना म्हणून परत शिफ्ट-एफ३. मग सवयीने कंट्रोल-एस, आणि फाइल बंद. दुसऱ्या दिवशी उघडून बघतात तर काय, काना-मात्रा भलतीकडे, अर्धी अक्षरं पूर्ण, पूर्ण अक्षरं अर्धी, शब्द ओळखू येईनात. व्हायरस आला म्हणून फोन.

व्हायरस वगैरे काही नव्हतं. अहवाल कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. अशा फाइलमध्ये पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. एकाच बटणाच्या लहान अक्षरावर एक मराठी खूण, मोठ्या अक्षरावर दुसरीच. शिफ्ट-एफ३ ने सगळी अक्षरं मोठी केली, म्हणजे लहानांवरच्या सगळ्या खुणा गायब. आणि पुन्हा लहान केली तरी मूळचं मिश्रण परत येत नाही, कारण कोणतं अक्षर आधी लहान होतं याची नोंदच फाइलमध्ये उरत नाही. फाइल उघडी असती तर कंट्रोल-झेडने एका क्षणात निभावलं असतं. बंद केल्यावर तो रस्ताही संपला. शेवटी त्यांनी कधीतरी कुणाला ईमेलने पाठवलेली प्रत सापडली म्हणून वाचले, पण नंतरच्या सगळ्या दुरुस्त्या पुन्हा कराव्या लागल्या.

अशाच फाइलवर कंट्रोल-स्पेस दाबला की आणखी एक घबराट उडते. कंट्रोल-स्पेस म्हणजे निवडलेल्या अक्षरांवरचं हाताने केलेलं सगळं रंगरूप काढून टाकणं. त्यात फॉन्टही गेला तर मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. इथे मात्र रडायचं कारण नाही. आतली अक्षरं जशीच्या तशी असतात, मजकूर निवडून तोच जुना फॉन्ट पुन्हा दिला की मराठी परत येते.

माझी सवय सांगतो. कंट्रोल-ए दाबायचं असेल तर त्याआधी एफ१२ दाबून फाइल नव्या नावाने ठेवायची. अपवाद नाही. ‘एवढं काय, एक बटण तर दाबायचंय’ म्हणणारेच पुढे फोन करतात.

रंग जातच नाही

अक्षर लाल आहे, कंट्रोल-स्पेस दाबला, तरी लालच. आधी बघा, अधोरेखितही आहे का आणि कडेला उभी रेघ दिसते का? मग तो रंग तुम्ही दिलेला नाही, ट्रॅक चेंजेस, म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणं, चालू आहे. कंट्रोल-शिफ्ट-ईने पुढची नोंद थांबते, पण आधीचे बदल रिव्ह्यू टॅबवर जाऊन स्वीकारावे किंवा नाकारावे लागतात. हा लाल रंग काळा करण्यासाठी अक्षरन् अक्षर निवडणारे लोक मी पाहिलेत.

अक्षराच्या मागे पिवळा पट्टा असेल तर तो हायलाइट. वर्डमध्ये रंगरूप काढायची आज्ञा त्याला हातही लावत नाही. हायलाइटच्या यादीतून ‘नो कलर’ निवडावं लागतं.

आणि लाल काढायचा म्हणून काळा रंग देऊ नका, ‘ऑटोमॅटिक’ द्या. ऑटोमॅटिक अक्षर गडद पार्श्वभूमीवर आपोआप पांढरं होतं. हाताने काळं केलेलं काळंच राहतं, आणि मग तक्त्याचं गडद शीर्षक रिकामं दिसतं.

एवढं सगळं करूनही कोडं सुटत नसेल तर शिफ्ट-एफ१. त्या अक्षराचं रूप कुठून आलं, स्टाइलमधून की हाताने, हे वर्ड बाजूच्या पट्टीत लिहून दाखवतं. हे बटण कुणालाच माहीत नसतं, आणि मी सगळ्यात जास्त तेच वापरतो.

फुटकळ, पण रोजच्या

ठळक शब्द टाइप केला आणि पुढचं सगळंच ठळक होत चाललंय? शब्दानंतर कंट्रोल-स्पेस दाबा, मग पुढे लिहा.

एका ठिकाणचं रूप दुसरीकडे न्यायला वर्डमध्ये पूर्वी कंट्रोल-शिफ्ट-सी आणि व्ही होतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या वर्डमध्ये ते कंट्रोल-ऑल्ट-सी आणि व्हीवर गेलंय, आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही आता नुसता मजकूर चिकटवतं. शॉर्टकट ‘बिघडला’ नाही, हलला.

गूगल डॉक्समध्ये रूप काढायला कंट्रोल आणि बॅकस्लॅश. तिथले सगळे शॉर्टकट बघायला कंट्रोल आणि साधा स्लॅश. पाठ करण्याआधी ही यादी एकदा उघडा.

व्हॉट्सॲपवर रंगीत अक्षरांचा शॉर्टकट नाही. तारकांमध्ये ठळक, अंडरस्कोरमध्ये तिरपं होतं, रंग नाही.

मराठी मजकूर तिरपा करू नका. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरपं रूप आखलेलंच नसतं, संगणक सरळ अक्षर ढकलून वाकडं करतो. बरं दिसत नाही.

लॅपटॉपवर एफची बटणं आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त करत असतील तर सोबत एफएन धरा.

अख्ख्या स्क्रीनचेच रंग उलटेपालटे झाले तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन बहुधा एकदम दाबलं गेलंय. तेच पुन्हा दाबा.

फाइंड-रिप्लेसच्या चौकटीत कर्सर असताना कंट्रोल-बी दाबलं तर शोधही ‘फक्त ठळक’ अक्षरांचा होतो. पुढच्या वेळी समोर दिसणारा शब्द सापडत नाही असं वर्ड म्हणालं तर त्या रकान्याखाली काय लिहिलंय ते वाचा आणि ‘नो फॉरमॅटिंग’ दाबा.