जिताड्याची बोटुकली गोड्या तळ्यात सोडताना या चुका टाळा

पेण-अलिबागकडच्या तळ्यांत जिताडा हा मासा पूर्वीपासून वाढतोय. मादी खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालते, पिल्लं भरती-ओहोटीबरोबर हळूहळू वर सरकतात आणि गोड्या पाण्यात मोठी होतात. त्यामुळे 'जिताडा कुठल्याही पाण्यात जगतो' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. जगतो, पण वेळ मिळाला तर. हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) पिशवीबंद येणाऱ्या बिजाचा, म्हणजे बोटाएवढ्या बोटुकलीचा, तो वेळ आपणच हिरावून घेतो.

माझ्या पहिल्या खेपेला मी पिशव्या अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवल्या आणि तापमान जुळलं म्हणून पिल्लं सोडली. संध्याकाळी ती छान पोहत होती. दुसऱ्या दिवशी काठाला सुस्त उभी, अंग काळवंडलेलं. तिसऱ्या पहाटे बांधाच्या कडेने पांढरी पोटं दिसली. पाणी नासलं असं समजून मी चुना टाकला. पिशवीतलं पाणी २८ पीपीटी (हजार भागांत २८ भाग मीठ) आणि तळ्यातलं जेमतेम २, हे नंतर मोजल्यावर कळलं.

तापमान जुळलं म्हणजे पाणी जुळलं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समुद्राचं पाणी सुमारे ३५ पीपीटी असतं. माशाचं रक्त त्याच्या साधारण एक तृतीयांश खारं. म्हणून समुद्रात माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं आणि तो खारं पाणी पिऊन ती तूट भरून काढतो. होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० मध्ये हे दाखवलं. त्याने टाकीच्या पाण्यात फिनॉल रेड हा रंग मिसळला आणि तो माशांच्या आतड्यात साठलेला सापडला. प्यायलेल्या मिठाचं काय होतं? रक्तापेक्षा खारट लघवी माशाच्या मूत्रपिंडाला करता येत नाही. अॅन्सेल कीज (पुढे आहारातली चरबी आणि हृदयविकार यांवरच्या कामामुळे गाजलेला तोच) याने ईल माशाच्या कल्ल्यांवर काम केलं. १९३२ मध्ये त्याने आणि विल्मरने मीठ बाहेर फेकणाऱ्या खास पेशींचं वर्णन केलं. नेमक्या याच पेशी हे काम करतात का, यावर पुढे ५० वर्षं वाद चालला. १९८२ मध्ये फॉस्केट आणि शेफी यांनी तिलापियाच्या पेशींवर थेट मोजणी करून तो मिटवला.

गोड्या पाण्यात सगळं उलटं होतं. पाणी अंगात शिरतं, मीठ झिरपून जातं आणि त्याच कल्ल्यांना आता मीठ आत ओढावं लागतं. त्यासाठी पेशी बदलतात, प्रोलॅक्टिनसारखी संप्रेरकं कामाला लागतात. याला दिवस लागतात. प्रवासाने थकलेल्या बोटुकलीच्या रक्तातलं मीठ तोवर उतरत जातं, म्हणूनच मर पहिल्या संध्याकाळी दिसत नाही.

त्यामुळे बीज मागवतानाच हॅचरीला पीपीटी विचारा आणि शक्य असेल तर खारेपणा तिथेच उतरवून घ्या. मी टाकीत रोज ४-५ पीपीटीच उतरवतो. पिल्लं सुस्तावली तर त्या दिवशी पाणी बदलत नाही.

जिभेवर चव घेऊन खारेपणा ठरवू नका. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावरून खारेपणा दाखवणारं यंत्र) घ्या आणि दर वेळी डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून तो शून्यावर येतो का ते बघा. पावसाळ्यात खारभूमीतल्या तळ्याचं फक्त वरचं पाणी मोजलं तर फसाल, कारण पावसाचं पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि खारं तळाशी. दोरीला बाटली बांधून तळाचंही पाणी काढा.

बोअरचं पाणी खारट लागतं म्हणून ते समुद्रासारखंच, असंही धरू नका. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम बऱ्याचदा फार कमी असतं आणि मीटरवर आकडा योग्य दिसत असतानाही जिताडा त्यात मरतो. तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या. खडे मीठ विरघळवूनही समुद्राचं पाणी होत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम पुरेसं नसतं. कॅल्शियम कमी पडलं की कल्ल्यांतून मीठ जास्त झिरपतं.

आल्याआल्या खाद्य टाकू नका. आणि थेट तळ्यात न सोडता आधी हाप्यात (तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवा, म्हणजे मर झाली तर मोजता येते. चौथ्या दिवशी सकाळी मूठभर दाणे टाकतो. पिल्लं झेपावली तरच हापा उघडतो.