वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा प्रोटीन शेक: या चुका टाळा

बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, ऑपरेशनची तारीख ठरली की घरात पहिली खरेदी होते ती प्रोटीन पावडरची. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून दोन किलोचा आणला जातो आणि ऑपरेशनआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन-तीन महिने तोच पुरवायचा बेत असतो. पुढच्या बऱ्याच तक्रारींची सुरुवात इथेच होते. ऑपरेशनआधीच्या शेकला एक काम असतं, नंतरच्या शेकला दुसरंच. एका डब्यात दोन्ही कामं क्वचितच भागतात.

आधी आणि नंतर एकच पावडर

ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा द्रव आहार देतात, बहुतेक ठिकाणी दिवसाला ८०० कॅलरींच्या आसपास. वजनाच्या काट्यावर चार किलो कमी दिसावेत हा त्यामागचा मुख्य हेतू नसतो. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना सर्जनला तो उचलून धरावा लागतो. चरबीने भरलेलं यकृत जड असतं, त्याला लवकर इजा होते आणि रक्तस्राव होऊ शकतो. पिष्टमय पदार्थ आणि कॅलरी कमी केल्या की यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा आणि त्यासोबतचं पाणी उतरतं, चरबीही घटते आणि यकृत आकसतं.

म्हणजे या दोन आठवड्यांत शेक हेच तुमचं जेवण असतं. त्यात प्रोटीनबरोबर थोडे पिष्टमय पदार्थ, थोडी स्निग्धता, जीवनसत्त्वं आणि खनिजं हवीत. अशा पावडरीला मील रिप्लेसमेंट म्हणतात. त्याऐवजी जिममधली शुद्ध व्हे आयसोलेट (दुधातलं जवळपास निव्वळ प्रोटीन) आणली तर एका स्कूपमध्ये ११० ते १२० कॅलरी मिळतात. तीन स्कूप घेऊन दिवस काढायचा म्हटलं तर साडेतीनशे कॅलरी होतात. चौथ्या दिवशी चक्कर येते, डोकं दुखतं, आणि मग रात्री कोणी बघत नसताना पोळी-भाजी होते. माणसाचा निग्रह कमी पडला असं घरचे म्हणतात, पण पावडरच चुकीची असते.

ऑपरेशननंतर चित्र उलटं होतं. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये (जठराचा मोठा भाग कापून काढतात) जठराची जागा साधारण १०० ते १५० मिली उरते, बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) वरची पिशवी ३० मिलीच्या आसपास असते. एवढ्या जागेतून दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन आत जायला हवं, बहुतेकांना ६० ते ८० ग्रॅमचं लक्ष्य दिलं जातं. तेव्हा कमी घोटांत जास्त प्रोटीन देणारा आणि साखर नसलेला शेक लागतो. मील रिप्लेसमेंटचा मोठा ग्लास तेव्हा संपतही नाही आणि प्रोटीनचा हिशेबही पुरा होत नाही.

द्रव आहार सुरू होण्याआधीचं ‘शेवटचं’ जेवण

‘आता पुन्हा कधी खायला मिळणार’ म्हणून आदल्या आठवड्यात बिर्याणी, पुरणपोळी, आइस्क्रीम यांच्या निरोपाच्या पंगती चालतात. यकृत आकसवायचं आहे त्याच्या तोंडावरच त्यावर ओझं चढतं. दुसरा प्रकार आपल्याकडचा खास आहे: मध्ये एकादशी किंवा चतुर्थी आली की ‘आज उपास आहे, तेवढी साबुदाण्याची खिचडी चालेल’. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. दूध चालतं त्या घरात दुधापासूनच बनलेलं व्हे उपासाला चालायला हरकत नसावी. त्या दिवशीही शेकच घ्या.

औषधं न बदलता शेक सुरू करणं

या लेखातली सर्वांत धोकादायक चूक ही आहे. मधुमेह असलेल्या माणसाचं जेवण एकदम ८०० कॅलरींवर आलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिल्या तर साखर घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. कमी खाण्याच्या काळात त्यांनी रक्तात कीटोन वाढून आम्लता होऊ शकते, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतो, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी शरीर कोरडं पडतं. पावडरचा डबा उघडण्याआधी सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीनची मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आहारतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय कोणताही डबा घेऊ नका.

डब्याची पुढची बाजू वाचून खरेदी

डब्यासमोर ठळक अक्षरांत ‘प्रोटीन’ लिहिलेलं असतं. खरी माहिती मागच्या बारीक तक्त्यात असते. एका स्कूपचं वजन बघा आणि त्यात प्रोटीन किती ते बघा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन असेल तर पावडर ८० टक्के प्रोटीनची झाली. ३० ग्रॅममध्ये १० ग्रॅमच असेल तर उरलेले २० ग्रॅम कशाचे, हे घटकांच्या यादीत शोधा. साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली, साखरेसारखी झटकन पचणारी पावडर), ग्लुकोज सिरप यांपैकी काही पहिल्या तीन नावांत असेल तर ऑपरेशननंतर तो डबा तुमच्या उपयोगाचा नाही. वजन वाढवण्यासाठीचे मास गेनर तर माल्टोडेक्स्ट्रिनवरच उभे असतात.

लहानपणापासून दुधात घालत आलो ती माल्टची चॉकलेटी पावडरही प्रोटीन शेक नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही.

कोलॅजेनच्या (जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेल्या प्रोटीनच्या) पावडरींचा सध्या बोलबाला आहे. केस आणि त्वचेच्या नावाने त्या खपतात, आणि ऑपरेशननंतर केस गळतात म्हणून रुग्णांना हमखास सुचवल्या जातात. पण कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे स्नायू टिकवण्याच्या कामात ते व्हे, सोया किंवा अंड्याची जागा घेऊ शकत नाही. रोजच्या ६० ग्रॅमच्या हिशेबात ते धरू नका.

आणि डब्यावर लिहिलेलं आत असतंच असं नाही. केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. २०२४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या २५ डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खोटा निघाला, काहींत तर लिहिलेल्याच्या निम्मंही प्रोटीन नव्हतं. काही नमुन्यांत बुरशीपासून येणारी अफ्लाटॉक्सिन सापडली. म्हणून एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल बघूनच खरेदी करा. ग्रीन टी अर्क, गार्सिनिया असे ‘फॅट बर्नर’ मिसळलेली पावडर टाळाच. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी त्यांच्याबाबतीत आहेत. जिमच्या ट्रेनरने साध्या पिशवीत सुटी दिलेली पावडर कितीही स्वस्त असली तरी नको.

याच सुमारास कुटुंबाच्या ग्रुपवर ‘आयसीएमआर म्हणतं प्रोटीन पावडर घेऊ नका’ असा निरोप येतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तसा सल्ला आहे हे खरं, पण तो शरीर कमावण्यासाठी पावडर घेणाऱ्यांना आहे. ज्याच्या जठरात चार चमचे अन्न मावतं त्याला उद्देशून तो नाही.

वरणाचं पाणी, कढण आणि नाचणी सत्त्व

ऑपरेशन झालेल्या माणसाला ‘ती पावडर-बिवडर नको, घरचं सकस दे’ असं म्हणणारी आई किंवा सासू प्रत्येक घरात असते. तिची माया खरी आहे. आकडे मात्र तिच्या बाजूने नाहीत. सुक्या तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असतं. पातळ वरणाच्या वाटीत डाळच मुळात २५-३० ग्रॅम, आणि वरचं निवळ पाणी गाळून दिलं तर प्रोटीन भांड्यातच राहतं. नाचणीत १०० ग्रॅमला सात ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, बाकी बहुतांश स्टार्च. सत्त्वाच्या पातळ लापशीत तर तेही नाममात्र उरतं. शहाळ्यात प्रोटीन नाहीच म्हटलं तरी चालेल.

म्हणून कढण बंद करा असं मी म्हणणार नाही. गोड शेकने तोंडाला मिठी बसते तेव्हा जिरं-हिंग घातलेलं कढण जिवाला फार बरं वाटतं, पाणीही पोटात जातं. फक्त ते प्रोटीन म्हणून मोजू नका. त्यापेक्षा बिनचवीची, बिनगोड व्हे आयसोलेट आणा, दोन चमचे थंड पाण्यात कालवा आणि कढण कोमट झाल्यावर त्यात मिसळा. आईच्या हातचंही पोटात जातं आणि आकडाही जुळतो.

६० ग्रॅमचा हिशेब असा जमतो: आयसोलेटचे दोन स्कूप म्हणजे ४८-५० ग्रॅम, आणि दिवसभरात थोडं थोडं करून अर्धा लिटर साय काढलेलं दूध म्हणजे १६-१७ ग्रॅम. दूध पचत नसेल तर २०० मिलीच्या पाकिटात १५ ग्रॅम प्रोटीन देणारं ताकही आता दुकानात मिळतं. साध्या घरच्या ताकाला हे लागू नाही, त्यात पाणीच जास्त.

शेक सोसत नाही तेव्हा

पोट गुडगुडणं आणि जुलाब झाले तर आधी लॅक्टोजवर संशय घ्या. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधाची साखर उरलेली असते, आयसोलेटमध्ये ती एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. त्यात शेक दुधात कालवला तर त्रास दुप्पट. आयसोलेट पाण्यात घेऊन बघा. तरीही थांबत नसेल तर यादीत सॉर्बिटॉल, माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड पदार्थ) किंवा इन्युलिन (एक प्रकारचा तंतू) आहे का बघा. दूध अजिबात नको असणाऱ्यांनी सोया किंवा वाटाणा-तांदूळ मिश्रणाची पावडर घ्यावी.

आधी आवडलेली चॉकलेटची चव ऑपरेशननंतर नकोशी होते, वासानेही मळमळतं. हे अनेकांना होतं आणि बरेचदा काही आठवड्यांत ओसरतं. मोठा डबा आधी आणू नये तो यासाठीच. एकेक मात्रेची पाकिटं मिळतात, तीन-चार चवींची आणून ठेवा. पातळ करून, गार करून, किंवा बिनचवीची वापरून बघा.

गुठळ्या होतात त्या उकळत्या दुधा-पाण्यामुळे. प्रोटीन त्याने वाया जात नाही, पण दह्यासारख्या गाठी नव्या जठराला उतरत नाहीत. शेकर जोरात हलवला की फेस होतो, तो फेस पोटात गेला की छातीखाली फुगल्यासारखं दुखतं. दहा मिनिटं ठेवून फेस बसू द्या आणि स्ट्रॉ वापरू नका.

वेग हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. पहिल्या दिवसांत १५ मिनिटांत ३० मिली, म्हणजे औषधाच्या छोट्या कपाएवढं, घोट घोट. एक ग्लास शेकला तासाहून जास्त वेळ लागला तरी बिघडत नाही. मात्र घोटत बसायचा असेल तर थोडा थोडाच बनवा आणि उरलेला फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो बाहेर टिकत नाही.

शेक घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब हे डम्पिंगचं लक्षण आहे, बायपास झालेल्यांत जास्त. साखर कुठून आली ते शोधा: पावडर, केळं, खजूर, मध, गूळ. ‘नैसर्गिक’ गुळानेही डम्पिंग होतं. एक ते तीन तासांनी हातपाय थरथरले तर ग्लुकोमीटरवर साखर बघा आणि तो आकडा डॉक्टरांना कळवा.

गोळ्या आणि शेक एकाच घोटात

दुधाच्या शेकबरोबर लोहाची गोळी घेतली तर कॅल्शियम लोहाला आड येतं. दोघांत दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटीच घ्यायची. सोया आणि कॅल्शियम दोन्ही तिचं शोषण कमी करतात. शेकच्या डब्यावर जीवनसत्त्वांची लांब यादी असली तरी तुम्हाला लिहून दिलेल्या मल्टिव्हिटॅमिनची जागा तो घेत नाही.

शेक सोडायची वेळ आली तरी न सोडणं

साधारण दीड-दोन महिन्यांनी घट्ट अन्न सुरू होतं. काहींना अडकण्याची भीती बसते, मग ते शेकवरच राहतात. पण द्रव पदार्थ जठरातून लवकर उतरतो, भूक परत लागते, आणि दिवसभर घोट घोट घेता घेता कॅलरी वाढतात. पनीर, अंडं, मऊ शिजवलेला मासा, घट्ट वरण, मुगाची मऊ उसळ हे चावून खाल्लं की पोट भरल्याची जाणीव टिकते. ताटात आधी हे, मग भाजी, भाकरी शेवटी. दिवसाचं प्रोटीन जेवणातून होत नसेल तेवढ्यापुरता शेक ठेवा. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात तेव्हा शेक वाढवण्याआधी लोह, झिंक आणि बी१२ तपासून घ्या. बायोटिन (केसांसाठी घेतात ते जीवनसत्त्व) घेत असाल तर प्रयोगशाळेत सांगा, त्याने थायरॉइडच्या तपासणीचा आकडा चुकू शकतो.

उलट्या होत असताना शेक बदलत बसणं

दोन-तीन दिवस पाणीही ठरत नसेल तर चव किंवा ब्रँड बदलून बघण्यात वेळ घालवू नका. शरीरात थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाचा साठा थोड्याच आठवड्यांचा असतो आणि सततच्या उलट्यांनी तो संपतो. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही मेंदूवर परिणाम झाल्याची लक्षणं आहेत, आणि उशीर झाला तर ती कायमची राहू शकतात. गावाकडे अशा वेळी ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावतात. बी१ कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर हा त्रास वाढतो. सलाईन लावण्याआधीच डॉक्टरांना ऑपरेशनचं नाव आणि तारीख सांगा, थायमिनचं इंजेक्शन आधी द्यायला सांगा, आणि तिथूनच तुमच्या सर्जनला फोन लावून द्या.